चोवीस तावदानं

लुचेत्ताचं पत्र आलं ते १९५३ च्या मार्चमध्ये, टोरांटोहून. निळा पातळ कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, शुद्धलेखनाच्या नऊ चुका. चुका मी मोजल्या, कारण लुचेत्ता माझी विद्यार्थिनी होती, आणि चुका मोजत असताना मजकुराकडे बघावं लागत नाही.

'मास्तर,' तिने लिहिलं होतं, 'माझं लग्न ठरलं आहे. इथे सगळ्यांच्या भिंतीवर त्यांच्या आया आहेत. माझी नाही. तुम्ही आमच्या दारात आईचा फोटो काढला होता. मी पायरीवर बसले होते आणि तुम्ही मला बाजूला हो म्हणालात. तो फोटो पाठवाल का? आईचा आवाज मला आठवतो. ओरडायची ते तर रोज आठवतं. चेहरा मात्र गेला.'

पत्र मी लॅटिनच्या शब्दकोशात ठेवलं, 'उत्तर' हा शब्द ज्या पानावर आहे तिथे. हा विनोद मी एकट्यानेच केला आणि तो मला तेव्हाही आवडला नव्हता. उद्या लिहू, असं म्हणालो. मग उन्हाळा लागला, मग शाळा सुरू झाली, मग उशीर झाला, आणि एकदा उशीर झाला की उशिराची माफीही लिहावी लागते, तेव्हा पत्र आणखी लांब होतं. अशी एकवीस वर्षं गेली.

त्या पत्राचा विषय घरात निघाला तो चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, एका रविवारी, जेवणं झाल्यावर. मी काढला नाही. माझ्यात तेवढी हिंमत असती तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

दोनातो जेवायला आला तो फाईल घेऊनच. दोनातो म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, साबातीनोचा मुलगा. तो नुकताच पालिकेवर निवडून आला होता आणि निवडून आलेल्या माणसासारखा पास्ताही जरा घाईघाईने खात होता. ऑगस्टमध्ये सान रोक्कोच्या जत्रेला टोरांटोहून आमच्या कोल्लेस्पीनाचे त्रेचाळीस जण एकाच विमानाने येणार होते. त्यांच्यासाठी पालिकेच्या नव्या सभागृहात प्रदर्शन भरवायचं होतं: गाव उद्ध्वस्त झालं आणि परत उभं राहिलं, त्याला तीस वर्षं झाली म्हणून. फोटो अर्थातच माझे. दुसऱ्या कोणी काढलेच नव्हते.

"तीस फोटो, काका," दोनातो म्हणाला. "दहा लढाईच्या आधीचे, दहा पडझडीचे, दहा बांधकामाचे."

"पडझडीचे दहा कशाला?" एर्सीलिया म्हणाली. "पाहुणे जेवून आलेले असणार. तीन पुरेत."

एर्सीलिया माझी मोठी बहीण. विधवा झाल्यापासून ती माझ्याकडे राहते, निदान लोकांना आम्ही तसं सांगतो. खरं तर मी तिच्याकडे राहतो.

"बांधकामाचे पंधरा घे," साबातीनो म्हणाला. तो गवंडी. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्याची मतं आहेत. "पडलेलं घर काय बघायचं? पडलेली सगळी सारखीच दिसतात."

"आणि हे ऐका," दोनातोने फाईलमधून निमंत्रण पत्रिकेचा कच्चा कागद काढला. "'कोल्लेस्पीनाची पुनर्बांधणी काचवाल्यांच्या घरापासून सुरू झाली.' पहिलंच वाक्य आहे."

एर्सीलिया खूश झाली. ती खूश झाली की टेबलावरच्या मेणकापडावरून हात फिरवते, जणू ते कोणाचं तरी डोकं आहे.

आमच्या गावात आडनावं तीनच. त्यामुळे घर ओळखलं जातं ते टोपणनावावरून, आणि टोपणनाव गाव ठेवतं, आपल्याला विचारत नाही. पणजोबांच्या बोलण्यामुळे आम्ही तीन पिढ्या 'तोतरे' होतो. तोतऱ्यांची एर्सीलिया, तोतऱ्यांचा मास्तर. पंचेचाळीसच्या जानेवारीत साबातीनोने आमचं अर्धं उरलेलं घर डागडुजी करून उभं केलं आणि स्वयंपाकघराच्या दोन खिडक्यांना काचा बसवल्या. गावात तेव्हा सगळीकडे फळ्या होत्या, पोती होती, तेल चोपडलेले कागद होते. काच कुठेच नव्हती. लोक बघायला यायचे. फेब्रुवारी संपायच्या आत आम्ही 'काचवाले' झालो. एर्सीलियाच्या मते त्या महायुद्धात आमच्या घराला मिळालेली ती एकच चांगली गोष्ट.

इथून पुढचं थोडं योलांदाच्या नजरेतून सांगतो, कारण मी त्या वेळी माझ्या चमच्याकडे बघत होतो.

योलांदा दोनातोची बायको, पेस्काराची. समुद्रकाठची माणसं डोंगरातल्या माणसांना जरा दबकून असतात असं म्हणतात, पण योलांदा नव्हती. स्वयंपाकघराच्या जुन्या खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवायला सहा वर्षांपूर्वी तिनेच लावलं होतं. एर्सीलिया तेव्हा महिनाभर तिच्याशी बोलत नव्हती.

दोनातोने टोरांटोच्या पाहुण्यांची यादी तिच्याकडे दिली होती, वाचून दाखवायला. तिचा आवाज चांगला आहे. ती वाचत गेली आणि प्रत्येक नावावर एर्सीलिया टिप्पणी करत गेली: हा दारुड्या, हिचं पहिलं बाळ गेलं, हा इथे असताना चपला घालत नव्हता, आता म्हणे दुकान आहे. मग योलांदा म्हणाली, "लुचेत्ता, नवरा, दोन मुलं. आणि हिने खाली काहीतरी लिहिलंय. 'मास्तर निकोदेमोंकडे माझ्या आईचा, मारियान्नीनाचा फोटो आहे. मी एकदा पत्र लिहिलं होतं, ते बहुतेक पोचलं नाही. तो फोटो प्रदर्शनात लावावा ही विनंती. मुलांना त्यांची आजी दाखवायची आहे.'"

योलांदा मला नंतर म्हणाली, "काका, पंधरा वर्षं या घरात आहे. तुम्ही गप्प बसता ते रोजचंच. पण आत्या आणि तुम्ही दोघं एकाच वेळी गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. आत्यांच्या हातात कॉफीचं भांडं होतं. त्यांनी ते न ओतता खाली ठेवलं."

"मारियान्नीना म्हणजे भिंगरी ना?" साबातीनो म्हणाला. "असेल की तिचा फोटो. भिंगरी कुठे नव्हती?"

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"फोटो नाही. होता. खिडकीत होता."

"कुठल्या खिडकीत?"

मी हात केला. सगळ्यांनी वळून अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीकडे बघितलं. तिच्यातून समोरच्या डोंगरावर चरणाऱ्या मेंढ्या दिसत होत्या.

"काका, सरळ सांगा," दोनातो म्हणाला.

सरळ सांगणं मला कधी जमलेलं नाही, पण त्या दिवशी प्रयत्न केला. माझा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, लाकडी पेटीचा, तीन पायांवर उभा राहणारा. त्यात फिल्म नव्हे, काचेची पट्टी घालायची, दोन तळहात एकमेकांशेजारी ठेवले तर होतील तेवढी. कागदावर छापला नाही तोवर फोटो फक्त त्या काचेवरच असतो. त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात जर्मनांनी गाव रिकामं करायला सांगितलं, तेव्हा मी कॅमेरा आणि अशा एकशेदहा काचा पत्र्याच्या ट्रंकेत घालून मेंढवाड्याखाली पुरल्या. आठवडाभरात त्यांनी सुरुंग लावून एकेक घर पाडलं. भिंगरी तांब्याची घागर आणायला परत गेली होती. तिचं घर रांगेत कितवं आहे हे तिला माहीत नव्हतं.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्ही परतलो. काचा शाबूत होत्या. मग हिवाळा आला. आई आजारी होती, छाती भरलेली. स्वयंपाकघराला फळ्या ठोकलेल्या, चुलीचा धूर, दुपारीसुद्धा दिवा. आई एकच मागायची: उजेड. जेवण नको, औषध नको, जरा उजेड दाखवा. एर्सीलिया म्हणाली, निको, तुझ्या ट्रंकेत एवढ्या काचा आहेत.

"मी म्हणाले," एर्सीलिया म्हणाली. "कोणी दुसऱ्याने सांगायच्या आत सांगते. मीच म्हणाले. आणि मीच धुतल्या. कोमट पाण्यात सोडा घालून. अर्ध्या तासात निघतं, दुधावरच्या सायीसारखं."

"फोटो?" योलांदाने विचारलं.

"फोटो."

"मी बसवल्या त्या काचा," साबातीनो म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता. "तू म्हणालास, कोऱ्या आहेत. नेपल्सहून आणून ठेवल्या होत्यास म्हणे."

"हो, म्हणालो तसं."

"तीस वर्षं मी लोकांना तेच सांगतोय. दारूच्या दुकानात शपथेवर सांगितलंय."

साबातीनोच्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते त्याने मला त्याच आठवड्यात सांगितलं. वरच्या ओळीतल्या एका काचेच्या कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग होता. त्याला वाटलं, मळ. बसवताना त्याने तो अंगठ्याच्या नखाने खरवडून काढला, नीट, प्रेमाने, कारण आई त्या खिडकीखाली झोपणार होती. "कोणाचा तरी कान असेल तो," तो मला म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं, आणि मग नाही आलं.

"किती होत्या?" दोनातोने विचारलं.

"दोन खिडक्या, बारा-बारा तावदानं. चोवीस."

"आणि कोणाकोणाचे फोटो होते?"

"हललेल्यांचे."

"म्हणजे?"

"जे स्थिर बसले त्यांचे फोटो स्पष्ट आले. जे हलले ते पुसट. चोवीस निवडायच्या होत्या. मी पुसट निवडल्या." हे वाक्य मी एकवीस वर्षं मनात घोळवलं होतं. बाहेर आल्यावर ते अगदीच लहान वाटलं. "भिंगरी हलली होती. मी हलू नकोस म्हणत होतो आणि ती मला सांगत होती की चुलीवर दूध आहे."

दोनातो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. पालिकेत तो असाच फिरत असावा. "हे घराबाहेर जाता कामा नये," तो म्हणाला. "चोवीस काचा म्हणजे गावातली चोवीस माणसं. त्यातले निम्मे तरी मेले असतील. आणि आपण म्हणवतो कोण? काचवाले! पत्रिका छापखान्यात आहे, काका."

"लुचेत्ताला काय सांगायचं?" मी विचारलं.

"तिला फोटो हवाय ना? फोटो देऊ." त्याने प्रदर्शनासाठी टेबलावर पसरलेल्या माझ्या फोटोंच्या गठ्ठ्यातून एक उचलला. "ही बघा. तिशीतली बाई, डोक्याला काळा रुमाल, मागे दगडी दार. नऊ वर्षांची होती लुचेत्ता. तिला चेहरा आठवत नसणार."

"कशावरून?" योलांदा म्हणाली. "इथे तसं काही नाही."

"तसं ती पत्रात म्हणते," मी म्हणालो.

"म्हणजे पत्र पोचलं होतं," योलांदा म्हणाली.

मी परत माझ्या चमच्याकडे बघायला लागलो. त्याचा मला चांगला सराव आहे.

"भिंतीला तडा गेला की आपण प्लास्टर करतोच," साबातीनो हळूच म्हणाला. तो मुलाच्या बाजूने झाला, कारण दारूच्या दुकानातल्या शपथा होत्या. "तिला समाधान, आपल्याला समाधान."

"मेलेलीला काय फरक पडतो?" एर्सीलियाही म्हणाली. म्हणजे तिघं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी, जो बाजू घेत नाही, आणि योलांदा, जिला या गावात बाजू नाही. "आण इकडे. बघू तरी कोण आहे."

तिने चष्मा लावला. फोटो दूर धरला, जवळ धरला.

"ही?" ती म्हणाली.

"का?"

"अरे शहाण्या, ही रेपाराता आहे."

"कुठली रेपाराता? बेकरीतली?" दोनातोने फोटो परत घेतला. "पण ती तर..."

"आता तिच्यात अशा तीन मावतील. तेव्हा होती बारीक. आणि तुला पालिकेवर कोणी निवडून दिलं? जत्रेत पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसते ती दरवर्षी. स्वतःच्या फोटोखाली मारियान्नीनाचं नाव वाचून काय करेल, नाचेल?"

योलांदा हसली. साबातीनोही हसला, पण त्याने तोंडावर हात धरला.

"आणि ते राहू दे," एर्सीलियाला आता खरा राग चढत होता. "कोंबडीवरून बारा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. बारा! पाणवठ्यावर एक आली की दुसरी घागर रिकामी घेऊन परत जायची. आणि भिंगरीच्या मुलीच्या दिवाणखान्यात ही बया बसणार? नातवंडं हिच्या फोटोला फुलं वाहणार? कोंबडी तर रेपारातानेच खाल्ली होती. सगळ्या गावाला माहीत आहे."

"आत्या, मग दुसरी बाई शोधू."

"कोणतीच नको." तिने चष्मा काढला. "मला वाटलं, नुसती कोणीतरी बाई असेल. पण नुसती बाई कोणी नसतेच रे या गावात."

अशी एर्सीलिया आमच्या बाजूला आली. कारण कोंबडीचं होतं, पण मी तक्रार केली नाही.

साबातीनो तोवर दुसरेच फोटो बघत बसला होता. तो माझ्या फोटोंतली माणसं बघत नाही, त्यांच्या मागच्या भिंती बघतो. "ही कोपऱ्यावरची जुनी भिंत बघा," तो म्हणाला. "ओळंब्यात होती की नाही? मी म्हणत होतो आणि लोक म्हणत होते वाकडी होती. निको, इथे डावीकडे हा डाग कसला? पाणी पडलं?"

एर्सीलियाने डोकावून बघितलं. "डाग कसला? भिंगरी आहे."

"कशावरून?"

"दुसरं कोण एवढ्या घाईने पाणवठ्यावरून निघेल? तो वरचा चकाकता भाग म्हणजे घागर."

आम्ही सगळे वाकलो. होती. उजवा पाय जमिनीपासून सुटलेला, घागर स्पष्ट, घागरीखाली धुरासारखी एक बाई.

मग खेळच सुरू झाला. मला सांगायला संकोच वाटतो, पण त्या दुपारी आम्हाला मजा आली. मिरवणुकीच्या फोटोत वाजंत्र्यांच्या मागे एक फिकट पट्टा: भिंगरी. एका लग्नाच्या फोटोत कडेला अर्धा घागरा, वरात सोडून पळणारा: भिंगरी. द्राक्षाच्या हंगामात टोपल्यांच्या रांगेत सगळ्या बायका दगडासारख्या उभ्या आणि मधल्या एकीला डोकंच नाही, नुसती हवा. "शिंकली असेल," दोनातो म्हणाला. तो नाही-नाही म्हणत वाकला होता आणि त्यानेच तीन शोधल्या. "माझ्या पाठीत एकदा धपाटा घातला होता हिने. चेरीच्या झाडाखाली. हात असा होता बाईचा, अजून आठवतो." शाळेच्या फोटोत, छत्तीस मुलं, माझ्याकडे घाबरून बघणारी, आणि कडेने एक हात कोपरापर्यंत चौकटीत आलेला, लुचेत्ताची कॉलर सरळ करणारा. बाकीची बाई चौकटीबाहेर. हात मात्र अगदी स्पष्ट, बोटावर भाजल्याचा डागसुद्धा दिसतो.

अकरा निघाल्या. हे सगळे फोटो मी ठेवले होते, कारण पुढे जे उभे होते ते स्पष्ट आले होते. मागचं मी खराबी समजत होतो.

बारावा साबातीनोने उचलला. चव्वेचाळीसचा जून, पाणवठ्याचा तोच कोपरा, उरलेल्या मोजक्या कोऱ्या काचांपैकी पहिली. भिंत नव्हती, पाणवठ्याची कमान नव्हती, दगडांचे ढीग होते. प्रत्येक दगडाची कड त्यात दिसते. गवताची पाती मोजता येतात. पेस्काराच्या एका जाणकाराने मला सांगितलं होतं की हा माझा सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि दोनातोने पत्रिकेवर छापायला तोच दिला होता.

साबातीनोने तो बराच वेळ डावीकडून उजवीकडे बघितला.

"इथे नाही ती," तो म्हणाला.

त्या फोटोत काहीच हललेलं नव्हतं.

कॉफी गार झाली होती. योलांदाने ती परत गरम केली, जे एर्सीलियाच्या घरात पाप आहे, आणि एर्सीलियाने ती प्यायली.

"दिसायची कशी ती?" योलांदाने विचारलं. "मी तर पाहिलीच नाही."

"डोळे घारे," एर्सीलिया म्हणाली.

"काळे," साबातीनो म्हणाला.

"घारे होते, साबातीनो. तू कधी बाईच्या डोळ्यांत बघितलंस? तू बघणार भिंतीकडे."

"ताई, काळे होते आणि नाक मोठं होतं."

"नाक मोठं तिच्या सासूचं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी मास्तर, आणि मी तिला फोटोसाठी चांगली दहा मिनिटं समोर उभं केलं होतं.

"मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. "त्या कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. पाय वर, डोकं खाली. मी काळ्या कापडात होतो. दहा मिनिटं मी तिला उलटीच बघितली. कापडाबाहेर आलो तोवर ती दुधाकडे गेली होती."

"चाळीस वर्षं गावाचे फोटो काढले या माणसाने," एर्सीलिया योलांदाला म्हणाली, "आणि एकाचा डोळा सांगता येत नाही." पण ती रागावून म्हणाली नाही. मग माझ्याकडे वळली. "लिही तिला. आजच बस."

"आत्या," दोनातो म्हणाला, "आधी विचार करा. लुचेत्ताला कळलं की टोरांटोत कळणार, टोरांटोत कळलं की गावात कळणार. ऑगस्टपर्यंत आपण परत तोतरे."

"होऊ तोतरे. पणजोबा खरंच तोतरे होते. त्यात खोटं काही नव्हतं."

"आणि माझी पत्रिका?"

"पत्रिकेत वाक्य बदल. शिकलेला आहेस."

दोनातो कॉफी न घेता गेला. फाईल विसरला, ती घ्यायला परत आला आणि परत गेला. योलांदा मात्र थांबली. "अकराही मोठे करून छापा, काका," ती म्हणाली. "सगळा फोटो नको, फक्त ती. कापून."

"धूर दिसेल नुसता."

"दिसू दे. तुमच्या मनाने निवडू नका आता."

हे तिने सहज म्हटलं. मी जिन्याखालच्या माझ्या अंधाऱ्या खोलीत गेलो आणि आठवडाभर अकरा धूर मोठे करत बसलो.

पत्र लिहायला त्याहून जास्त वेळ लागला. पहिला मसुदा सात पानांचा झाला, त्यात चार पानं माफी. दुसऱ्यात माफीच उरली नाही. तिसरा एर्सीलियाने वाचायला मागितला. ती ओठ हलवत वाचते. मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

"सगळं आहे," ती आतून म्हणाली. "सोडाही लिहिलास. तो नसता लिहिला तरी चाललं असतं."

"काढू का?"

"नको. एक राहिलं. आईचं लिही."

"लिहिलंय की आई आजारी होती."

"तसं नाही. लिही की आमची आई मार्चमध्ये गेली. सकाळी. अंथरूण खिडकीखाली होतं आणि तोंडावर ऊन होतं, आणि ती म्हणाली, आता बरं दिसतंय. लिही की तिच्या आईने आमच्या आईला उजेड दिला. तिला पटेल न पटेल." कागदांची घडी घातल्याचा आवाज आला. "आणि डोळे घारे लिही."

"साबातीनो काळे म्हणतो."

"मग दोन्ही लिही. पण घारे आधी."

मी दोन्ही लिहिले. नाकाचंही लिहिलं, धपाट्याचंही, कोंबडीचंही.

गावाला टोरांटोमार्गे कळण्याची वाट एर्सीलियाने बघितली नाही. सोमवारी सकाळी तिने बेकरीत, पाव घेताना, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. माझ्या घरची गोष्ट दुसऱ्याने सांगितलेली मला चालत नाही, असं तिचं म्हणणं. दुपारपासून दारावर टकटक सुरू झाली. मला वाटलं, दगड येतील. लोक आले ते विचारायला.

"मास्तर, माझा बाप हलला होता का?"

"नाही. तुझे वडील स्थिर होते. फोटो आहे, देतो."

"मास्तर, आमची आजी?"

"हलली होती. तिसऱ्या ओळीत असावी. मला खात्री नाही."

हललेल्यांच्या घरचे जरा वेळ उभे राहायचे आणि त्या अ‍ॅल्युमिनियमकडे बघायचे. कोणी 'बरं' म्हणून जायचे. तिघांनी माझ्याशी बोलणं टाकलं, त्यातल्या एकाने अजून टाकलेलंच आहे आणि त्याचं बरोबर आहे. रेपाराता हातातलं पीठही न धुता आली. "मी?" तिने विचारलं. "तू अजिबात हलली नव्हतीस," मी म्हणालो. "मला माहीतच होतं," ती म्हणाली, आणि जाता जाता, पाठमोरी, "भिंगरीचे डोळे घारे होते. लिही तिला. माझ्याइतकं रोखून कोणी बघितलंय तिच्याकडे?"

पत्र पाकिटात घातलं होतं. मी ते उघडून ती ओळ वाढवली. काचवाले की तोतरे, हे मात्र गावाने अजून ठरवलेलं नाही. दोन्ही नावं ऐकू येतात. दोनातोने पत्रिकेतलं पहिलं वाक्य काढलं आणि मुखपृष्ठावर जूनच्या फोटोऐवजी द्राक्षाच्या टोपल्या टाकल्या. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पोस्टात देलियाने पाकीट तराजूवर ठेवलं. देलियाही माझीच विद्यार्थिनी. तिने पत्ता वाचला, मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांसाठी.

"लुचेत्ताला? अहो मास्तर, ती ऑगस्टात येतेच आहे. दोन महिन्यांचा प्रश्न. तेव्हा हातातच द्या की. एवढ्या तिकिटांची काय गरज?"

खरं सांगायचं तर हात पुढे झाला होता पाकीट परत घ्यायला. हातात देता येईल. समोरासमोर सगळं नीट समजावून सांगता येईल. प्रदर्शन बघून झाल्यावर, जेवणं झाल्यावर, एखाद्या निवांत दुपारी. माझ्या डोक्यात ती निवांत दुपार तयारसुद्धा झाली, आणि ती एकवीस वर्षांतल्या कोणत्याही दुपारसारखीच दिसत होती.

"नको," मी म्हणालो. "तिला निघण्याआधी कळलं पाहिजे. यायचं की नाही ते तिला ठरवता आलं पाहिजे."

देलियाने माझ्याकडे बघितलं. वर्गात तिला उत्तर येत नसे तेव्हा ती असंच बघायची. मग तिने तिकिटं मोजून दिली. मी ती एकेक चिकटवली, सरळ आहेत का बघितली, पत्ता परत वाचला, आणि बाहेर भिंतीवरच्या लाल पेटीपाशी गेलो. पाकीट जाड होतं, फटीत अडलं. मी दाबलं.

"मास्तर, झालं का?" मागे एक बाई उभी होती, हातात पत्र घेऊन. "मलाही टाकायचंय."

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"झालं," मी म्हणालो, आणि बाजूला झालो.